पर्मनंट नोकरी सोडण्याआधी

(मावळ तालुक्यातील तरुण कामगार आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला आहे, ‘कंपनीची नोकरी सोडावी का?’ संयोजकांनी तुमच्याकडून आधी चिठ्ठ्या मागवल्या होत्या, त्या मी काल रात्री वाचल्या. फिरून फिरून हाच प्रश्न आहे. कुणी लिहिलंय, ‘5 वर्षं लाईनवर झाली, आता पुढे काय?’ कुणी लिहिलंय, ‘स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, पण घरचे नोकरी सोडू देत नाहीत.’ एका चिठ्ठीवर एवढंच आहे, ‘नाईट शिफ्ट सोसत नाही.’ आणि एका मुलीने लिहिलंय, ‘मला सोडायची नाही, पण सगळे सोड म्हणतात.’ ही चिठ्ठी मी वेगळी काढून ठेवली आहे. तिच्याकडे येणारच आहे.

आधी माझी ओळख. मी लोणावळ्याची. अब्बांचं दुचाकी दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे. अम्मीने 20 वर्षं चिक्कीच्या कारखान्यात रोजावर पॅकिंग केलं. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा ट्रेड केला आणि तळेगाव एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. 3 वर्षं कंत्राटी, मग 6 वर्षं पर्मनंट. पहाटेची लोकल, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, आणि तिथून कंपनीची बस. 9 वर्षांनी ती नोकरी मी सोडली. आता एका खासगी आयटीआयमध्ये शिकवते. पगार कंपनीत होता त्यापेक्षा महिन्याला 6,000 रुपये कमी आहे. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे ‘स्वप्नाच्या मागे धावा’ असलं काही मी सांगणार असेन, अशी अपेक्षा राहणार नाही.

नोकरी सोडण्याबद्दल बोलायचं तर आपल्या घरात त्या नोकरीचं वजन किती आहे, तिथून सुरुवात करावी लागते. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात एक आकडा आहे. देशातल्या मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे 61 टक्के लोक स्वयंरोजगारात होते. हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे 55 टक्के होतं. नियमित पगाराच्या नोकऱ्यांत, त्यातही सरकारी आणि मोठ्या खासगी कंपन्यांत, आपण कमी. स्वयंरोजगार हा शब्द ऐकायला छान वाटतो. आपल्याकडे त्याचा अर्थ गॅरेज, भंगार, फळाची गाडी, बेकरी, मटणाचं दुकान, शिलाई मशीन. यातलं एकही काम कमी प्रतीचं नाही. पण अब्बा महिनाभर आजारी पडले की गॅरेज महिनाभर बंद. पीएफ नाही, रजा नाही, बँकेत दाखवायला कागद नाही.

अशा घरात पहिल्यांदा पेस्लिप येते, तेव्हा ती फक्त त्या मुलाची किंवा मुलीची नसते. माझ्या पेस्लिपवर भावाच्या कॉलेजची फी भरली गेली. ईएसआयच्या कार्डावर अब्बांचं ऑपरेशन झालं. घर भाड्याने घेताना मालकाने माझं कंपनीचं ओळखपत्र बघितलं आणि मग बोलणं पुढे सरकलं. त्यामुळे घरचे ‘सोडू नको’ म्हणतात, तेव्हा ते मागासलेले आहेत असं समजू नका. त्यांनी पगार नसलेला महिना पाहिलेला आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी अजून पाहिलेला नाही.

आता त्या वेगळ्या काढलेल्या चिठ्ठीकडे येते.

मुलगा नोकरी सोडतो म्हणाला की घर हादरतं. मुलगी सोडते म्हणाली की घर सुटकेचा श्वास टाकतं. मुलाला सोडू न देणारे आणि मुलीला सोडायला लावणारे बहुतेक वेळा तेच असतात, आणि आपण दोन वेगळे सल्ले देतोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. मी पर्मनंट झाल्यावर दोन वर्षांनी एक रिश्ता आला. बोलणी चालू असताना समोरच्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं, ‘आमच्याकडे मुलीला एवढं पहाटे उठून जायची गरज नाही, निकाहनंतर सोडून दे.’ आमच्याही घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. माझ्या फुपीने तर पुढचा हिशेब केला, ‘पीएफ निघेल, लग्नाला कामी येईल.’ तो रिश्ता इतर कारणांनी पुढे गेला नाही. त्यानंतर 3 वर्षांनी मीच म्हणाले की मला नोकरी सोडायची आहे, प्रशिक्षण घेऊन आयटीआयची शिक्षिका व्हायचंय. तेव्हा तीच फुपी म्हणाली, ‘पर्मनंट नोकरी कुणी सोडतं का? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.’

मला तिचा राग आला नाही, पण एक गोष्ट लख्ख दिसली. घरी बसण्यासाठी सोडली तर ती समजूतदार मुलगी, आणि पुढे जाण्यासाठी सोडली तर डोकं फिरलेली. तेव्हा ज्या बहिणीने ती चिठ्ठी लिहिली तिला माझं सांगणं: तुला सोडायची नसेल तर ‘का सोडायची नाही’ याचं कारण देत बसायची गरज नाही. ‘सोडून पुढे काय?’ हा प्रश्न तू त्यांना विचार. त्यांच्याकडे उत्तर नसेल, तर तो सल्ला अजून अर्धाच आहे.

दुसरीकडे मुलांनाही सांगते. तुमच्यावरचं ओझं खरं आहे. घरातला एकटा पगार तुमचा असेल, तर तुम्ही सोडायचा विचारसुद्धा मोठ्याने करू शकत नाही. पण तुमच्या बहिणीची नोकरी टिकली, बायकोची टिकली, तर तुम्हाला एक वर्ष मिळू शकतं. बहिणीला घरी बसवून स्वतःच्या एमपीएससीसाठी घरातून वेळ मागायचा, हा हिशेब जमत नाही. दोन पगारांचं घर असेल तर दोघांपैकी कुणालाही कधीतरी थांबता येतं, शिकता येतं.

आता ‘पर्मनंट’ या शब्दाबद्दल बोलू. इथून जवळच, तळेगावला, त्याची दोन उदाहरणं आहेत. दोन कारखाने, आणि त्यांच्यामध्ये बरोबर 100 वर्षांचं अंतर.

पहिला 1908 सालचा. पैसा फंड काच कारखाना. अंताजी दामोदर काळे नावाच्या शिक्षकाने माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभा करायची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला, आणि त्या पैशांतून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. त्याचे पहिले प्रमुख ईश्वरदास वार्ष्णेय. जपान आणि अमेरिकेत काचकाम शिकून आलेला हा उत्तर प्रदेशातला माणूस. हा कारखाना नुसता माल काढण्यासाठी नव्हता, तिथे काचकाम शिकवलं जायचं. तिथे तयार झालेले कारागीर देशात ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेले. खुद्द वार्ष्णेयसुद्धा नंतर तळेगाव सोडून आपल्या प्रांतात गेले आणि तिथे बहजोईला काच कारखाना उभा करण्यात पुढे राहिले. म्हणजे माणूस शिकून बाहेर पडला, यात त्या कारखान्याचं नुकसान मानलं गेलं नाही. ते त्याचं कामच होतं.

दुसरा 2008 सालचा. जनरल मोटर्सचा तळेगावचा प्लांट. हा तुमच्यापैकी कित्येकांच्या घरातला विषय आहे. या कंपनीत पर्मनंट लागणं म्हणजे मावळात लॉटरी लागल्यासारखं होतं. 2017 मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं बंद केलं. तळेगावला निर्यातीसाठी उत्पादन चालू राहिलं. 2020 च्या जानेवारीत प्लांट ग्रेट वॉल मोटर्स या चिनी कंपनीला विकायचं ठरलं. 2020 च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, उत्पादन थांबलं. 2021 च्या एप्रिलमध्ये 1,419 कामगारांना ले-ऑफची नोटीस मिळाली. ले-ऑफ म्हणजे कायद्याने काढून टाकणं नव्हे. काम देता येत नाही म्हणून बसवून ठेवायचं, आणि मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मा मोबदला द्यायचा. चिनी कंपनीचा सौदा 2022 मध्ये बारगळला. 2023 च्या ऑगस्टमध्ये ह्युंदाईने तो प्लांट घेण्याचा करार केला. या सगळ्या काळात काही कामगारांनी पॅकेज घेतलं, काही संघटनेबरोबर न्यायालयात लढले.

मी त्या कंपनीत नव्हते. पण आमच्या लोकलच्या डब्यात त्या काळात दुसरा विषय नव्हता. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवायला मी इथे उभी नाही. पॅकेज घेणाऱ्याच्या घरात कर्ज असेल. लढणाऱ्याने तो आपला हक्क मानला असेल. मला त्यातून एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. ज्यांचा निर्णय शांतपणे घेण्याची वेळ होती, ती 2017 ते 2020 च्या मधली, जेव्हा पगार चालू होता. गेट बंद झाल्यावर जो निर्णय घ्यावा लागतो तो घाईचा असतो, आणि त्याच्या अटी दुसरा कुणीतरी लिहितो. पुढच्या वर्षी तुमची कंपनी चालू असेल की नाही, हे तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही. 2022 मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार म्हणून किती बोललं गेलं, आणि तो गुजरातला गेल्याचं आपण बातम्यांत वाचलं. तिथेही पुढच्या वर्षी फॉक्सकॉनने अंग काढून घेतलं. येणाऱ्या नोकरीवर आणि असलेल्या नोकरीवर, दोन्हींवर आपला ताबा नसतो.

म्हणून माझं सांगणं असं: नोकरी सोडायची असो वा नसो, सोडायची तयारी पगार चालू असतानाच करावी. तयारी झाल्यावरही राहावंसं वाटलं तर राहा. ती तयारी वाया जात नाही.

तयारी म्हणजे काय, ते सांगते. मी स्वतःला तीन प्रश्न विचारले होते.

पहिला प्रश्न: मला कशाचा कंटाळा आलाय? कामाचा, की या जागेचा? यात फार फरक आहे. सुपरवायझरचा त्रास असेल तर डिपार्टमेंट बदलून मिळतं का बघा. नाईट सोसत नसेल तर शिफ्ट बदलण्यासाठी लेखी अर्ज करा. लैंगिक छळ असेल तर 10 किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. तक्रार करणाऱ्या बाईने नोकरी सोडावी, असं तो कायदा कुठेही म्हणत नाही. मूल होणार म्हणून सोडत असाल तर थांबा. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, आणि त्यासाठी आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की पुरतं. जागा बदलून जे सुटतं त्यासाठी करिअर बदलू नये, नाहीतर आगीतून फुफाट्यात.

माझ्याबाबतीत काम वाईट नव्हतं. मी तपासणीच्या टेबलावर होते. एक पार्ट उचलायचा, जोडणी बघायची, मीटर लावायचा, शिक्का मारायचा. पहिल्या वर्षात जे शिकायचं ते शिकून झालं होतं. आनंद मला एकाच कामात मिळायचा, नव्या ट्रेनी मुलींना शिकवण्यात. ‘मीटर असा का धरायचा’ हे सांगताना शिफ्ट कधी संपली ते कळायचं नाही. हे एकदा झालं असतं तर मी लक्ष दिलं नसतं. पण 4 वर्षं ते तसंच राहिलं, तेव्हा मी शोधायला लागले की शिकवण्याचं काम कसं मिळतं.

दुसरा प्रश्न: माझ्या हातात काय आहे? आयटीआयमध्ये शिकवायचं तर सीआयटीएस नावाचा एक वर्षाचा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांमध्ये तो होतो, त्यातली संस्था मुंबईतही आहे. सरकारी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक म्हणून भरती निघते, तेव्हा या प्रमाणपत्राला आणि कारखान्यातल्या अनुभवाला किंमत असते. म्हणजे माझी 9 वर्षं पाण्यात जाणार नव्हती. तुम्ही ज्या नव्या कामाचा विचार करताय, त्यात तुमच्या जुन्या कामातलं काय बरोबर येतं, ते कागदावर लिहा. काहीच येत नसेल तर ते काम वाईट आहे असं नाही, पण पहिल्यापासून सुरुवात करायला किती वर्षं लागतील ते मोजा.

हातात काय आहे यात कागदही येतात. मी कंत्राटी असताना 3 वर्षांत 3 ठेकेदार बदलले, दर वेळी सहा-सात महिन्यांनी ब्रेक. पीएफची खाती निघाली तीन. ती एका युएएनखाली आणायला मला 8 महिने लागले, आणि हे मी नोकरीत असताना केलं. सोडल्यावर जुना ठेकेदार फोनही उचलत नाही. अनुभवाचं पत्र, रिलिव्हिंग लेटर, सगळ्या पेस्लिप, आधार आणि पीएफवरचं एकच नाव. आपल्याकडे नावाच्या स्पेलिंगचा घोळ फार असतो. एका कागदावर शेख पुढे, दुसऱ्यावर मागे, तिसऱ्यावर अब्बांचं नावच नाही. हा घोळ चालू नोकरीत निस्तरून घ्या.

नावावरून आठवलं, एक गोष्ट आपल्यात दबक्या आवाजात बोलली जाते, ती इथे मोकळेपणाने बोलू. जुन्या जागी 9 वर्षांत लोक मला माझ्या कामावरून ओळखत होते. ईदला डबा मागायचे, मशीन अडलं की बोलवायचे. नव्या जागी मुलाखतीला गेलं की नाव पुन्हा पहिल्यापासून वाचलं जातं. एका ठिकाणी मला प्रमाणपत्रांबद्दल एक आणि ‘तुमच्यात मुलींना एवढं लांब पाठवतात का’ याबद्दल चार प्रश्न विचारले. ही भीती खरी आहे, आणि तिच्यामुळे आपल्यातले कित्येक जण न आवडणाऱ्या जागी आयुष्य काढतात. या भीतीवर माझ्याकडे औषध नाही. एवढंच सांगते की ती खर्चाच्या वहीत धरा. दुसऱ्याला नवी नोकरी मिळायला 3 महिने लागत असतील तर आपण 6 धरून चालू. पैसे त्या हिशेबाने बाजूला ठेवू.

तिसरा प्रश्न: याचा खर्च कोण सोसणार? इथे जरा आकडेमोड करू, वही काढा.

ग्रॅच्युइटी. सलग 5 वर्षं नोकरी झाली की मिळते. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. समजा मूळ आणि भत्ता मिळून 13,000 आहेत. 26 ने भागले, 500. 15 ने गुणले, 7,500. 6 वर्षांचे 45,000. साडेचार वर्षांवर असाल आणि फार घाई नसेल तर 6 महिन्यांचा विचार करा.

पेन्शन. पीएफमध्ये कंपनी जो हिस्सा भरते त्यातला 8.33 टक्के भाग पेन्शन योजनेत जातो. पेन्शनचा हक्क लागतो तो एकूण 10 वर्षांच्या सेवेनंतर. वेगवेगळ्या कंपन्यांतली वर्षं मिळवता येतात, पण पेन्शनचा पैसा काढून घेतला की ती वर्षं गेली. म्हणून पीएफ काढू नका, पुढच्या नोकरीत वळवून घ्या. लग्न, टू-व्हीलर, मोबाईल यांसाठी तर नकोच. फुपीचं मी ऐकलं असतं तर आज माझी पाटी कोरी असती.

ईएसआय. महिना 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांना हे कार्ड असतं आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचेही उपचार त्यात होतात. नोकरी सुटली की काही महिन्यांत हे संरक्षण संपतं. मी घरात सोडायचा विषय काढला, तेव्हा अब्बा गप्प बसले, भाऊ म्हणाला ‘बघ तुझं तू’, आणि अम्मीने एकच प्रश्न विचारला, ‘त्या वर्षी घरात कुणी आजारी पडलं तर?’ 9 वर्षांत माझ्या नोकरीबद्दल कुणी विचारलेला तो सर्वांत शहाणा प्रश्न होता. त्या प्रश्नामुळे मी 14 महिने थांबले. आरोग्य विमा काढला, वेगळे 40,000 रुपये बाजूला टाकले, आणि मगच राजीनामा दिला.

आणि घरखर्च. मी घरी महिन्याला 8,000 द्यायचे, म्हणजे वर्षाचे 96,000. शिवाय मुंबईत राहणं, जेवण, फी, येणं-जाणं. हे पैसे कंपनीतल्या बायकांच्या भिशीतून आणि ओव्हरटाईममधून जमले. 3 वर्षं लागली. पण पैशांपेक्षा एक वेगळा खर्च होता, तो कुठल्याच वहीत नव्हता. मी त्या वर्षी घरी नसल्याने माझ्या वाटचं सगळं काम अम्मीवर गेलं. ती तेव्हा 56 वर्षांची होती, गुडघे दुखत होते. आम्ही घरात बसून ठरवलं की भाऊ पाणी भरेल आणि संध्याकाळचं जेवण करेल. त्याने पहिल्या महिन्यात भात चार वेळा करपवला. आता तो बिर्याणीसुद्धा करतो, आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. तुमच्या करिअरची किंमत घरातली एखादी बाई मुकाट्याने भरत असेल, तर तिला बसवून तिचं मत विचारा. ती ‘हो’ म्हणेलच, आपल्या आयांना ‘नाही’ म्हणायची सवय नसते. म्हणून ‘चालेल का’ असं विचारू नका. ‘तुझं कुठलं काम कोण करेल’ असं विचारा.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की सोडणं हेच धाडसाचं. तसं नाही. माझ्याबरोबर लागलेली माझी मैत्रीण अजून तिथेच आहे. नवरा कंत्राटी, दोन लहान मुलं, घराचा हप्ता. तिने तिन्ही प्रश्नांची उत्तरं लिहिली आणि राहायचं ठरवलं. नुसती राहिली नाही, तिने डिपार्टमेंट बदलून घेतलं, मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण केली, आणि आता कॅन्टीन कमिटीवर बायकांच्या बाजूने बोलते. तिचा निर्णय माझ्या निर्णयापेक्षा तसूभरही कमी नाही.

कंपनी सोडून ‘स्वतःचं काहीतरी’ करायचं म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने बघून धंद्याचा अंदाज बांधू नका. भुशी धरणावर रविवारी पाय ठेवायला जागा नसते, आणि फेब्रुवारीतल्या मंगळवारी तोच रस्ता रिकामा असतो. मावळात पॉलिहाऊसमध्ये गुलाब होतात आणि व्हॅलेंटाईनला परदेशी जातात हे खरं, पण त्याला जमीन, भांडवल आणि शिक्षण लागतं. तळेगावला काढणीपश्चात तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं. आधी नोकरीत राहून रजेच्या दिवसांत ते घ्या. गॅरेज, फॅब्रिकेशन, वायरिंग, जे काही काढाल, त्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून लिहा, बँकेतून व्यवहार करा, स्वतःचा विमा काढा. आपल्या अब्बांनी जो धंदा केला तोच आपण करायला हरकत नाही. फक्त त्यांच्याकडे जे कागद नव्हते, ते आपल्याकडे असू द्या.

आणि कंत्राटी मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल, ही बाई पर्मनंट लोकांचं बोलतेय. आम्हाला तर सोडायच्या आधीच ब्रेक मिळतो. बरोबर आहे. तुमच्याकडे निवड कमी आहे, म्हणून तुमची तयारी जास्त लागते. ब्रेकचे दिवस मोबाईलवर घालवू नका. तुमचा युएएन नंबर पाठ करा, ठेकेदाराने पीएफ खरंच भरलाय का ते दर महिन्याला बघा, आणि प्रत्येक ब्रेकमध्ये एक प्रमाणपत्र किंवा एक हुन्नर पदरात पाडून घ्या.

माझं पुढे काय होईल मला माहीत नाही. शिल्प निदेशकाच्या भरतीची मी वाट बघतेय. होईल, न होईल. दरम्यान माझ्या वर्गात 24 मुलं आहेत, त्यात 7 मुली. त्यातल्या दोघींना घरून सांगून ठेवलंय की कोर्स झाला की लग्न. त्यांना मी मीटर धरायला शिकवते, पेस्लिप वाचायलाही शिकवते.

आता जेवणाची सुट्टी आहे. ज्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या त्यांनी आपली पेस्लिप आणि पीएफचं पासबुक मोबाईलवर उघडून या. मी त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसते. सोडायची की नाही ते तुम्ही आणि तुमच्या घरचे ठरवा. आज आपण फक्त आकडे मांडू.